सॅन होजे ते लास व्हेगास : पोकरच्या खोल्या आणि त्यांचे हिशेब

सॅन होजेहून गाडीने निघायचे, लॉस एंजेलिसमार्गे लास व्हेगास गाठायचे आणि वाटेत जिथे चांगली पोकर रूम असेल तिथे निदान एक संध्याकाळ बसायचे, हा बेत बरीच वर्षे मनात होता आणि या वसंतात तो तडीस गेला. प्रवासवर्णनात रस्ता, हॉटेल आणि खाणेपिणे यांना जी जागा मिळते ती मी येथे देणार नाही, कारण मला लिहायचे आहे ते खोल्यांविषयी. टेक्सास होल्डेम सगळीकडे एकाच नियमांनी खेळला जातो: प्रत्येकाच्या हातात दोन पाने, मध्ये उघडी पाच सामाईक पाने आणि पैजेच्या चार फेऱ्या. पण खोली आपले शुल्क कोणत्या रीतीने कापते, किती रक्कम घेऊन बसू देते आणि तिथे संध्याकाळी कोण येऊन बसते, या तीन गोष्टींनी खेळ इतका बदलतो की एका खोलीत शहाणपणाची ठरणारी चाल दुसऱ्या खोलीत हळूहळू खिसा रिकामा करते. पोकरविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात पानांची चर्चा पुष्कळ असते, खोलीची जवळजवळ नसते, आणि माझ्या मते ती अगोदर व्हायला हवी.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रूलेट, ब्लॅकजॅक, स्लॉट मशीन या खेळांत तुमचा प्रतिस्पर्धी स्वतः कॅसिनो असतो आणि गणित त्याच्या बाजूने मांडलेले असते. सर्वसाधारण खेळाडूने कितीही हुशारीने खेळले तरी दीर्घकाळात ते गणित बदलत नाही. पोकरमध्ये कॅसिनो खेळातच नसतो. टेबलाभोवती बसलेली आठ-नऊ माणसे एकमेकांविरुद्ध खेळतात आणि घर, म्हणजे ती जागा चालवणारी संस्था, टेबल, डीलर आणि व्यवस्था यांचे शुल्क घेते. जिंकणाऱ्याचे पैसे हरणाऱ्याच्या खिशातून येतात आणि दोघांच्याही पैशांतून घराचा वाटा जातो. त्यामुळे इतरांपेक्षा बरे खेळणे पुरेसे नसते, इतके बरे खेळावे लागते की घराचा वाटा वजा जाऊनही काही उरेल. हा वाटा किती आणि तो कसा घेतला जातो, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपण जिंकणारे खेळाडू आहोत की नाही हेच कळू शकत नाही.

कॅलिफोर्नियात हा वाटा घेण्याची रीत कायद्याने ठरवली आहे. राज्याच्या दंडसंहितेतील कलम ३३०, ज्याचे मूळ १८७२ इतके जुने आहे, घराने बँक धरलेले खेळ (ज्यांत घर स्वतः पैजांचे देणे-घेणे करते) आणि टक्केवारी घेणारे खेळ या दोन्हींना मनाई करते. म्हणून येथील कार्डरूमना, म्हणजे पत्त्यांच्या खेळांच्या परवानाधारक जागांना, पॉटच्या, म्हणजे डावात मध्ये जमलेल्या पैशांच्या, टक्क्यांत शुल्क घेता येत नाही. दर डावाला ठरावीक रक्कम घ्यावी लागते. तिला येथे ‘कलेक्शन’ किंवा ‘ड्रॉप’ म्हणतात. ब्लॅकजॅकसारख्या खेळांतही घराला बँक धरता येत नाही, ती खेळाडूंपैकी कोणीतरी धरतो आणि व्यवहारात परवानाधारक बाहेरच्या कंपनीचा माणूस ते काम करतो. सिएरा पर्वतात आणि वाळवंटात आदिवासी जमातींच्या जमिनींवर जे मोठे कॅसिनो आहेत त्यांचा कायदा वेगळा आहे. मी येथे बोलतो आहे ते शहरांतील कार्डरूमविषयी.

सॅन होजे शहरात अशा कार्डरूम दोनच आहेत, बे १०१ आणि कॅसिनो मेट्रिक्स. प्रवासाची सुरुवात मी बे १०१ पासून केली, कारण ती माझी नेहमीची खोली आणि मापनाचा गज म्हणून ती मनात ताजी असावी असे मला वाटले. वर्ल्ड पोकर टूरची ‘शूटिंग स्टार’ स्पर्धा अनेक वर्षे येथे भरत असे. नामवंत खेळाडूंच्या डोक्यावर बक्षीस लावलेले असायचे आणि त्यांना बाद करणाऱ्या सामान्य खेळाडूला ते मिळायचे. आता येथे संध्याकाळी साडेसहानंतर गर्दी होते ती आसपासच्या कंपन्यांतून सुटलेल्या मंडळींची. टेबलावर व्हिएतनामी, चिनी, फिलिपिनो, भारतीय असे सगळे असतात, बहुतेक जण शांत बसतात, आकडेमोडीत पक्के असतात आणि दोन तास खेळून घरी जातात. सहज हरणारी माणसे येथे कमी भेटतात.

त्या संध्याकाळी माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त गृहस्थ येऊन बसले. माझा फोन वाजला, मी टेबलावरून उठून घरी दोन वाक्ये मराठीत बोललो आणि परत बसलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारले, “कुठले हो तुम्ही?” मी म्हटले, “मूळचा साताऱ्याचा, काका. आपण?” “आम्ही डोंबिवलीचे. मुलाकडे आलो होतो, आता इथलेच झालो.” तेवढ्यात पाने वाटली गेली आणि डीलरबाईंनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले, “इंग्लिश ओन्ली, प्लीज.” अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक पोकर रूममध्ये हा नियम आहे: डाव चालू असताना टेबलावर फक्त इंग्रजीत बोलायचे. दोन माणसांनी इतरांना न कळणाऱ्या भाषेत आपापल्या पानांची माहिती एकमेकांना दिली तर खेळातील सचोटीच संपते, म्हणून तो नियम आहे आणि तो मला पूर्णपणे योग्य वाटतो. काका पुढचे दोन तास माझ्याशी इंग्रजीत बोलले. डाव संपून नवा सुरू होण्याआधीच्या क्षणात मात्र मराठीत एखादा शब्द टाकत, तो बहुधा “पानंच येत नाहीत हो आज” एवढाच असे. त्यांच्या खेळण्यात रमीची शिस्त होती. हातात काही नसेल तर ते पाने टाकून देत आणि त्याबद्दल कुरकुर करीत नसत. दिवाळीत तीन पत्ती खेळून पोकरकडे वळलेल्यांना हीच गोष्ट जमायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तीन पत्तीत ब्लाइंड खेळण्याची गंमत असते आणि पैसे संपले तर शेजारच्याकडून उसने घेऊन डाव पुढे चालतो. पोकर रूममध्ये डाव सुरू होताना तुमच्यासमोर टेबलावर जेवढे असेल तेवढेच त्या डावात पणाला लागते, मध्येच खिशात हात घालता येत नाही, आणि जिंकलेल्यातले थोडे उचलून खिशात ठेवायचे म्हटले तर तेही चालत नाही.

लॉस एंजेलिसला जाणारा इंटरस्टेट ५ हा महामार्ग शहराचा मध्य ओलांडून आग्नेयेला निघतो तिथे, अगदी रस्त्याला लागून, कॉमर्स कॅसिनो उभा आहे. १९८३ साली तो सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी जवळच्या बेल गार्डन्समध्ये बायसिकल कॅसिनो आला. दोन्ही जागा पाहिल्याशिवाय ‘कार्डरूम’ या शब्दाचा आवाका कळत नाही. कॉमर्समध्ये टेबलांची संख्या दोनशेच्या वर आहे. एका प्रचंड दालनात लहान पैजेची टेबले, दुसऱ्यात मोठ्या पैजेची, आणि सगळीकडून चिप्स (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या) बोटांवर खेळवण्याचा तो बारीक, न थांबणारा खडखडाट. कॅलिफोर्नियाच्या धूम्रपानबंदीच्या कक्षेत कार्डरूम १९९८ पासून आल्या, त्यामुळे इतक्या गर्दीतही हवा स्वच्छ असते. जेवायला उठावे लागत नाही. चाकांची एक छोटी तिवई तुमच्या कोपराशी आणून ठेवतात आणि तिच्यावर गरम नूडल्स किंवा सूपचा वाडगा येतो. डाव्या हाताने काटा आणि उजव्या हाताने पाने, अशी तासन्‌तास बसलेली माणसे येथे प्रत्येक टेबलावर दिसतात.

आता शुल्काकडे येतो. मी बसलो ते टेबल २-३ डॉलर ब्लाइंडचे होते, म्हणजे पाने पाहण्याआधी एकाने २ आणि दुसऱ्याने ३ डॉलर टाकायचे. बसताना जास्तीत जास्त २०० डॉलर घेता येत होते. फ्लॉप, म्हणजे पहिली तीन सामाईक पाने, उघडला की डीलर पॉटमधून ठरलेल्या चिप्स एकदम उचलून खाचेशी ठेवी, त्याला जोडून जॅकपॉटच्या निधीचीही एक चिप जाई, आणि सगळे मिळून ७ डॉलर होत. टेबलावर तासाला सुमारे ३० डाव होतात. समजा त्या सर्वांत फ्लॉप उघडला, तर तासाला २१० डॉलर टेबलावरून जातात, नऊ खेळाडूंत वाटले तर दर माणशी दर तासाला २३ डॉलर. डीलरला पॉट जिंकल्यावर एखादा डॉलर बक्षिशी द्यायची रीत आहे, ती वेगळीच. प्रत्येक डाव फ्लॉपपर्यंत जात नाही हे मान्य केले तरी दोनशे डॉलर घेऊन बसलेल्या माणसाने तासाला त्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम केवळ बसण्यासाठी मोजावी, हा लहान खेळ नाही.

याचा चालींवर होणारा परिणाम अगदी सरळ आहे. तीन जणांनी प्रत्येकी ३ डॉलर टाकून फ्लॉप पाहिला तर पॉटमध्ये ९ ते ११ डॉलर असतात आणि त्यातले ७ उचलले जातात. रिक्षात बसून दोन पावलांवर उतरले तरी किमान भाडे द्यावेच लागते, तसे हे शुल्क लहान पॉटलाही पूर्ण लागते, त्यामुळे उरलेल्या दोन-चार डॉलरसाठी झुंजण्यात काही अर्थ राहत नाही. अशा खोलीत बरी पाने आली तर फ्लॉपच्या आधीच वाढवून पॉट तिथेच मिटवावा, किंवा खेळायचेच असेल तर मोठ्या पॉटसाठी खेळावे. दोन ब्लाइंडवाल्यांपर्यंत कोणीच आत आले नाही तर ते आपापले पैसे परत घेऊन डाव सोडून देतात, त्याला ‘चॉप’ म्हणतात. ती येथे निव्वळ सभ्यता नाही, तो व्यवहार आहे.

दुसरा परिणाम रकमेच्या मर्यादेचा. इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची राणी हातात घेऊन मी १५ डॉलरची पैज लावली, दोघे आले, पॉट ५० च्या घरात, शुल्क जाऊन ४३. फ्लॉपला बदामची राणी, चौकटची अठ्ठी, किलवरची तिर्री. मी ३५ लावले, एकाने बरोबरी केली. पॉट ११३ झाला आणि माझ्याजवळ उरले १५०. एवढ्या रकमेला आता विचार करायला जागाच नाही. वरची जोडी, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाशी जुळलेली जोडी, हाताशी असताना पुढच्या पानावर सगळे पुढे सरकवणे हीच योग्य चाल होती आणि मी तीच केली. समोरच्याकडे राणी-दश्शी होती. लॉस एंजेलिसच्या लहान टेबलांवर डाव असेच दोन चालींत निकालात निघतात. येथे फ्लॉपच्या आधी कोणती पाने धरावी आणि कोणती टाकावी याची निवड सर्वांत मोलाची ठरते, कारण नंतर निवड करण्याची संधी फारशी येत नाही.

याच परिसरात, दक्षिणेला गार्डेना नावाचे शहर आहे आणि अमेरिकेतील कार्डरूमच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे. जुन्या कायद्यात ‘स्टड-हॉर्स पोकर’ असे नाव घेऊन बंदी होती, पण पाच पाने हातात घेऊन खेळायच्या ‘ड्रॉ पोकर’चे नाव त्या यादीत नव्हते. ही फट ओळखून अर्नेस्ट प्रिम यांनी १९३६ मध्ये गार्डेनात कार्ड क्लब सुरू केला आणि पुढची कित्येक दशके आसपासच्या लाखो माणसांना कायदेशीर पोकर खेळायचे असेल तर गार्डेनाला जावे लागे. होल्डेमला मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत थांबावे लागले. तो बंदी घातलेल्या खेळात मोडत नाही असा निर्वाळा न्यायालयांतून मिळाल्यावरच कॉमर्स आणि बायसिकल यांची भरभराट झाली. गार्डेनात आज ‘हसलर’ मासिकाचे प्रकाशक लॅरी फ्लिंट यांनी २००० मध्ये उघडलेला हसलर कॅसिनो प्रसिद्ध आहे. तिथे मी फक्त फेरी मारून आलो, बसलो नाही.

लॉस एंजेलिस ते लास व्हेगास सुमारे ४३० किलोमीटर. बार्स्टो आणि बेकर ही वाळवंटातली गावे मागे पडतात आणि नेवाडाची सीमा ओलांडताक्षणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅसिनोच्या इमारती उभ्या दिसतात. या वस्तीचे नाव प्रिम. पूर्वी तिला नुसतेच ‘स्टेट लाइन’ म्हणत. १९९६ मध्ये तिला अर्नेस्ट प्रिम यांचे नाव देण्यात आले, तेच गार्डेनाचे प्रिम. एका राज्यात कायद्याची फट शोधून धंदा उभारणाऱ्या माणसाने दुसऱ्या राज्यात अगदी सीमारेषेवर, जिथे कायदा मोकळा होतो त्या पहिल्याच जमिनीवर, पुन्हा धंदा उभारला. दोन राज्यांच्या कायद्यांतील फरक इतक्या ठसठशीतपणे जमिनीवर उमटलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

नेवाडाने जुगाराला १९३१ साली सरसकट मान्यता दिली. पोकरच्या शुल्काबाबत तिथल्या नियमांची भाषा कॅलिफोर्नियाच्या अगदी उलट आहे: घराला टक्केवारी घेता येते, पण एका डावात लागलेल्या रकमेच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. प्रत्यक्षात प्रत्येक खोली त्यावर कमाल मर्यादाही ठेवते. मी बसलो त्या टेबलांवर ती ५ डॉलरच्या आसपास होती आणि बक्षीस-योजनांचे एक-दोन डॉलर वेगळे. डीलरच्या हाताकडे पाहिले तरी फरक कळतो. कॅलिफोर्नियात तो फ्लॉपबरोबर सगळे शुल्क एकदम उचलतो. व्हेगासमध्ये पॉट वाढेल तशी एकेक चिप उजवीकडच्या छोट्या पट्टीवर सरकवतो आणि डाव संपल्यावर खटका दाबून त्या खाली पेटीत पाडतो. फ्लॉप उघडलाच नाही तर काहीच घेत नाही. २० डॉलरच्या पॉटला २ डॉलर जातात, सात नव्हे. त्यामुळे लहान पॉटसाठी झगडणे, सर्वांत शेवटी चाल करायच्या जागेवरून हलकी पैज लावून पाहणे, ज्या चाली कॅलिफोर्नियात मी बाजूला ठेवल्या होत्या, त्या येथे पुन्हा कामाला आल्या.

गोव्याचा अनुभव असलेल्या वाचकांसाठी येथे एक तुलना आवश्यक आहे. मांडवीवरच्या जहाजांत पोकर खेळताना घराच्या वाट्याइतकाच कराचा विचार करावा लागतो, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून विकत घेतलेल्या चिप्सच्या मूल्यावर २८ टक्के जीएसटी लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. अमेरिकेत चिप्स विकत घेताना असा कर नाही. ज्या खेळात जिंकणाऱ्याची आघाडी मुळातच काही टक्क्यांची असते, तिथे खुर्चीवर बसण्याआधीच एवढी रक्कम जाणे हे पोकरच्या दृष्टीने अन्यायाचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पोकर आणि रूलेट यांना एकाच तराजूत घातल्याचा तो परिणाम आहे.

व्हेगासमध्ये पहिला मुक्काम बेलाजिओ. १९९८ मध्ये हे हॉटेल उघडले तेव्हा मोठ्या पैजेचे खेळाडू मिराजमधून येथे आले आणि बराच काळ येथेच राहिले. ज्या मिराजमधून ते आले ते हॉटेल १७ जुलै २०२४ रोजी कायमचे बंद झाले. बेलाजिओच्या पोकर रूमच्या एका कडेला काचेने वेगळी केलेली खोली आहे. १९७८ चे विश्वविजेते बॉबी बाल्डविन यांच्या नावाने ती ‘बॉबीज रूम’ म्हणून ओळखली जाई, पुढे तिला ‘लेजेंड्स रूम’ हे नावही मिळाले. टेक्ससचे बँकर अँडी बील यांनी २००१ पासून काही वर्षे व्हेगासच्या अव्वल खेळाडूंच्या गटाशी जे प्रचंड रकमांचे सामने खेळले त्यांची सुरुवात याच हॉटेलात झाली. ते खेळाडू पैसे एकत्र करून आळीपाळीने त्यांच्यासमोर बसत. काचेपलीकडे त्या संध्याकाळी एकच टेबल चालू होते आणि ते पाहायला बाहेर पर्यटक थांबत होते.

बाहेरच्या टेबलांवर १-३ डॉलरच्या खेळात मी बसलो. येथे लॉस एंजेलिसपेक्षा बरीच जास्त रक्कम समोर ठेवता येत होती आणि माझ्यासमोर ५०० च्या आसपास जमले होते. त्यात योगायोगाने जवळजवळ तोच डाव पुन्हा आला: एक्का-राणी, फ्लॉपला राणी, अठ्ठी आणि एक बारीक पान. मी १५ ने सुरुवात केली होती, दोघे आत होते. ३५ लावले, एका वयस्क स्थानिक गृहस्थांनी बरोबरी केली, दुसरा गेला. चौथे पान निरुपद्रवी सत्ती. मी ७० लावले आणि त्या गृहस्थांनी दोन उंच चळती हळूच पुढे ढकलून २५० केले. दीड तासात त्यांनी एकदाही कोणाची पैज वाढवलेली नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये या क्षणापर्यंत माझे सगळे पैसे केव्हाच मध्ये गेले असते. येथे माझ्यासमोर अजून तीनशे ऐंशी होते, विचार करायला वेळ होता आणि त्या माणसाच्या दीड तासाच्या शांततेचा पुरावा होता. मी पाने टाकली. त्यांनी मान हलवून आपली पाने उलटून दाखवली, दोन अठ्ठ्या. म्हणजे टेबलावरची मिळून तीन. या खेळात मला जे मनापासून आवडते ते हेच: पुरेशी रक्कम समोर असेल तर माणूस वाचण्याला किंमत येते. रकमेची मर्यादा उथळ असेल तर ती किंमत फार कमी होते.

स्ट्रिपवरच्या, म्हणजे मोठ्या हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावरच्या, खोल्यांत टेबलाभोवतीचे लोक दर दोन तासांनी बदलतात. परिषदेला आलेले, लग्नाआधीची मौजमजा करायला आलेले, पहिल्यांदाच खऱ्या टेबलावर बसलेले, असे सगळे संध्याकाळी आठनंतर येतात, आणि आठवड्याच्या मधल्या दुपारी त्याच खुर्च्यांवर बव्हंशी स्थानिक व्यावसायिक असतात. म्हणून एखादी खोली चांगली की वाईट हे विचारण्याआधी किती वाजता हे विचारायला हवे. कुठल्या खोलीत कोणता खेळ चालू आहे आणि प्रतीक्षायादीत किती नावे आहेत हे ब्राव्हो या अ‍ॅपवर दिसते. त्यामुळे चार हॉटेले पायी पालथी घालण्याची गरज उरलेली नाही. एन्कोर हॉटेलमधली विन पोकर रूम मला व्यवस्थेच्या दृष्टीने सर्वांत उत्तम वाटली. तिथे स्पर्धा मात्र कडक आहे आणि सुट्टीवर आलेला नवखा खेळाडू शोधणाऱ्याने तिथे जाऊ नये.

फ्रीमाँट स्ट्रीटवर बिनियन्सला जाणे माझ्यासाठी जवळजवळ यात्रेसारखे होते. बेनी बिनियन यांनी १९५१ मध्ये हॉर्सशू, म्हणजे आजचे बिनियन्स, उघडले आणि १९७० मध्ये तिथे वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सुरू झाली; पहिल्या वर्षी स्पर्धेचा निकाल खेळाडूंच्या मतांनी लागला आणि जॉनी मॉस विजेते ठरले. २००३ मध्ये टेनेसीचे हिशेबनीस ख्रिस मनीमेकर ऑनलाइन पात्रता फेरीतून येऊन ८३९ खेळाडूंत पहिले आले, २५ लाख डॉलर घेऊन गेले आणि जगभरच्या सामान्य माणसांना आपणही तिथे बसू शकतो असे वाटू लागले. २००५ मध्ये स्पर्धा व्हेगासच्याच रिओ हॉटेलात गेली, २०२२ पासून स्ट्रिपवर बॅलीज आणि पॅरिस या हॉटेलांत आली, आणि बॅलीजचे नाव पुढे हॉर्सशू झाले. मुख्य स्पर्धेत २०२४ मध्ये १०,११२ प्रवेशिका होत्या. आपल्याकडच्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे २०१७ मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत या जोडीने तिथल्या दुहेरी प्रकारात विजेत्याला मिळणारे सोन्याचे ब्रेसलेट मिळवले.

मला सर्वांत जास्त वेळ बसावेसे वाटले ते मात्र स्ट्रिपपासून दूर, ऑर्लीन्समध्ये. हे स्थानिकांचे हॉटेल. येथे झगमगाट कमी, गाडी लावायला जागा सोपी आणि दुपारी चार वाजता सगळे एकमेकांना नावाने हाक मारणारे. डीलरही या माणसांची तब्येत विचारतात. होल्डेमशिवाय येथे ओमाहा हाय-लो खेळतात, तोही मर्यादित पैजेचा. हातात चार पाने येतात, त्यातली नेमकी दोन आणि टेबलावरची तीन मिळून हात बनवायचा, आणि पॉटचे दोन भाग होतात: अर्धा सर्वांत मोठ्या हाताला, अर्धा अठ्ठीच्या आतल्या सर्वांत लहान हाताला. नियम कानांना गुंतागुंतीचा वाटतो, पण ज्याला रमीत एकाच वेळी दोन-तीन क्रम डोक्यात ठेवायची सवय आहे त्याला तो लवकर साधतो. पैज मर्यादित असल्याने एका चुकीने सगळे जात नाही आणि दोन्ही भाग जिंकणारी पाने धरायची, एकाच भागासाठी अडकायचे नाही, एवढी शिस्त ठेवली तर निम्म्या टेबलापेक्षा आपण पुढे असतो. या टेबलावरची ज्येष्ठ मंडळी दर तासाला मिळणारे जेवणाचे गुण आणि ‘हाय हँड’चे बक्षीस यांसाठीही येतात. हाय हँडच्या योजनेत ठरलेल्या वेळेतल्या सर्वांत मोठ्या हाताला बोनस मिळतो, म्हणून लहान जोड्या घेऊनही माणसे फ्लॉप पाहतात आणि त्यांचा वर्गणीसारखा हातभार पॉटला लागतो.

कराविषयी दोन शब्द, कारण भारतातून फिरायला येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. अनिवासी परदेशी व्यक्तीने ब्लॅकजॅक, रूलेट, क्रॅप्स यांत जिंकलेल्या रकमेवर अमेरिकेत कर लागत नाही, पोकर मात्र त्या सवलतीत बसत नाही. मोठी स्पर्धा जिंकली तर ३० टक्के तिथेच कापले जाऊ शकतात आणि भारताबरोबरच्या करारात जुगाराच्या कमाईला सूट नाही. माझ्यासारख्या येथे राहणाऱ्यांना सगळी जिंकलेली रक्कम उत्पन्नात दाखवावी लागते. हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेच्या मर्यादेत वजा करता येत असे. २०२६ पासून हरलेल्याच्या ९० टक्केच वजा करता येतात. वर्षभर खेळून बरोबरीत सुटलेल्या माणसालाही त्यामुळे कर भरावा लागू शकतो.

त्यासाठीही आणि स्वतःसाठीही मी प्रत्येक खोलीची नोंद ठेवतो: कोणत्या वेळी बसलो, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो, डावाला शुल्क किती गेले आणि समोरच्या माणसांपैकी कितीजण फ्लॉप पाहत होते. या प्रवासाच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा लॉस एंजेलिसचे लहान टेबल परवडत नाही हे उघड दिसले. तिथेच ५-५ डॉलरच्या टेबलावर शुल्क साधारण तेवढेच असते आणि पॉट दुप्पट-तिप्पट, त्यामुळे पुढच्या खेपेला कॉमर्सला थांबलो तर मी त्या टेबलाच्या यादीत नाव लावीन, आणि तेवढी रक्कम बाजूला काढलेली नसेल तर न थांबता पुढे जाईन. व्हेगासमध्ये दुपारी ऑर्लीन्सचा ओमाहा आणि शुक्रवार-शनिवारी रात्री बेलाजिओचा १-३, असे वेळापत्रक आताच मांडून ठेवले आहे. डोंबिवलीच्या काकांनाही विचारले आहे. त्यांचे म्हणणे असे की व्हेगासला येतो, पण गाडीत तरी मराठीत बोलू द्या.